५१२ जीबीच्या नव्या लॅपटॉपमध्ये ४७६ जीबीच का दिसतात? पूर्ण हिशेब आणि जागा परत मिळवण्याच्या पायऱ्या

खोक्यावर ५१२ जीबी, बिलावर ५१२ जीबी. आणि लॅपटॉप सुरू करून ‘धिस पीसी’ उघडलं की सी ड्राइव्हखाली ४७५च्या आसपासचा आकडा. त्यातही मोकळे दिसतात ४१०-४२० जीबी. अजून एकही फोटो टाकलेला नाही, आणि शंभरेक जीबी गायब. दुकानदाराला विचारलं तर ‘तेवढी विंडोज घेते’ असं उत्तर मिळतं. ते अर्धवट आहे, आणि त्यामुळेच पुढचा घोळ होतो.

ही तूट तीन वेगवेगळ्या कारणांनी बनते आणि त्यांचा हिशेब वेगवेगळाच मांडायला हवा. पहिल्या कारणानं एकही बाइट कमी होत नाही, फक्त माप बदलतं. दुसऱ्या कारणानं काही जागा वेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागात, बाजूला काढलेली असते. तिसऱ्या कारणानं सी ड्राइव्हमधली जागा विंडोज आणि आधीपासून टाकलेली सॉफ्टवेअर्स भरतात. परत मिळवता येणारी जागा बहुतेक या तिसऱ्या खात्यात असते, थोडीफार दुसऱ्यात. पहिल्यातून काही परत मिळत नाही, कारण तिथं काही गेलेलंच नसतं.

पहिलं खातं: शंभर कोटी की एकशेसात कोटी?

डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज एक जीबी म्हणजे १,०२४ गुणिले १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट धरते. नाव एकच, मापं दोन. जुन्या काळी मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त होता; धान्य तेवढंच, पण बंगालच्या मापानं मोजलं की मणांचा आकडा खाली यायचा. इथं तसंच होतं.

५१२ जीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसएसडीवर (नव्या लॅपटॉपमधल्या चिपवाल्या डिस्कवर) प्रत्यक्षात ५१,२११ कोटी १ लाख ९० हजार ५९२ बाइट असतात, म्हणजे सांगितल्यापेक्षा थोडे जास्तच. त्याला विंडोजच्या १०७ कोटींच्या मापानं भागलं की ४७६.९४ येतात. विंडोज या आकड्यापुढे ‘जीबी’ लिहिते. या मोठ्या मापासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९८ मध्ये ‘गिबीबाइट’ हे वेगळं नाव ठरवलं, पण विंडोजनं ते घेतलं नाही. ॲपलनं २००९ मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून शंभर कोटींचं माप सुरू केलं. म्हणून एकच पोर्टेबल डिस्क मॅकला जोडली तर १ टीबी आणि विंडोजला जोडली तर ९३१ जीबी दिसते.

डिस्कवाल्यांनी ग्राहकाला फसवायला हे माप काढलं, असं अनेकजण समजतात. तसं नाही. आयबीएमची पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आली तेव्हाही तिची क्षमता ५० लाख अक्षरं अशी साध्या दशमान मोजणीतच सांगितली जात होती. १,०२४ची मोजणी आली ती मेमरीकडून. रॅमच्या पत्त्याची एक ओळ वाढवली की क्षमता दुप्पट होते, म्हणून ती दोनच्या पटीतच वाढते. डिस्कला असं बंधन नाही. त्यामुळे एकाच खोक्यावर ‘१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ लिहिलेलं असतं, तेव्हा रॅमचा जीबी १०७ कोटींचा आणि एसएसडीचा १०० कोटींचा असतो. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तर दोन्ही मापांची सरमिसळ होती: १,४४० गुणिले १,०२४ बाइट, म्हणजे कुठल्याच मापानं धड १.४४ नाही.

तक्रार करायला जागा आहे ती एवढीच, की ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात लिहिली जाते. अमेरिकेत याच मुद्द्यावर ग्राहकांनी सामूहिक दावे केले. वेस्टर्न डिजिटलनं २००६ मध्ये आणि सीगेटनं २००७ मध्ये तडजोड केली.

तोंडी हिशेब सोपा आहे: दर १०० जीबीमागे ७ वजा करा. ५१२ला साधारण ३५ जातात, उरतात ४७७. विंडोजमध्ये पूर्ण डिस्कचा आकडा असा दिसायला हवा:

- १२८ जीबी: ११९
- २४० जीबी: २२३
- २५६ जीबी: २३८
- ४८० जीबी: ४४७
- ५०० जीबी: ४६५
- ५१२ जीबी: ४७६
- १ टीबी: ९३१
- २ टीबी: १,८६३ जीबी, म्हणजेच १.८१ टीबी

टीबीमध्ये फरक जास्त वाटतो, कारण १,०२४नं आणखी एकदा गुणलेलं असतं. जीबीला तूट ७ टक्क्यांच्या जवळ, टीबीला ९ टक्के.

आधी मोजून पाहा

काहीही डिलीट करण्यापूर्वी या तीन गोष्टी बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या अर्ध्या भागात डाव्या कडेला करड्या चौकटीत ‘डिस्क ०’ आणि त्याखाली ‘बेसिक, ४७६.९४ जीबी, ऑनलाइन’ असं लिहिलेलं असतं. पूर्ण डिस्कचा खरा आकडा हा. वरच्या यादीशी तो जुळला, की पहिल्या खात्याचा हिशेब संपला. दशांशानंतरच्या फरकाकडे लक्ष देऊ नका.

२. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. इथं ‘कपॅसिटी’च्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी असतात: आधी लांबलचक बाइट, मग जीबी. त्या बाइटना १०० कोटींनी भागा. खोक्याच्या भाषेतला आकडा तुमच्या डोळ्यांसमोर तयार होतो.

३. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क ०’वर क्लिक करा. उजव्या कोपऱ्यात डिस्कचं मॉडेल आणि खाली ‘कपॅसिटी’ दिसते. दुकानात एसएसडी बदलून किंवा वाढवून घेतली असेल तर बिलावरचं मॉडेल आणि इथलं मॉडेल ताडून बघा. ५१२चे पैसे दिले आणि इथं २३८ दिसतंय, तर तो मापाचा फरक नव्हे. आत २५६ जीबीची डिस्क बसवलेली आहे.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, गेलात तर तिथं अनेकदा ‘५१२.१ जीबी’ दिसतं, कारण तो आकडा शंभर कोटींच्या मापात असतो. त्यामुळे बायोसमध्ये ५१२ आणि विंडोजमध्ये ४७६ ही डिस्क बिघडल्याची खूण नाही.

दुसरं खातं: डिस्कवरचे छोटे तुकडे

डिस्क मॅनेजमेंटमध्येच उजवीकडे निळ्या पट्टीचे खंड दिसतात. नव्या लॅपटॉपवर साधारण हे सापडतात:

‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ १०० किंवा २६० एमबीचं असतं. लॅपटॉप सुरू होतो तो इथून. याला हात लावू नका.

१६ एमबीचं आणखी एक पार्टिशन मायक्रोसॉफ्टनं राखून ठेवलेलं असतं. ते या खिडकीत दिसतच नाही, त्यामुळे बेरीज किंचित चुकते.

‘रिकव्हरी पार्टिशन’ काहीशे एमबीपासून एक-दीड जीबीपर्यंत असतं. विंडोज सुरू होईनाशी झाली की निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे जे पर्याय येतात, ते यातून येतात.

काही कंपन्या याशिवाय स्वतःचं मोठं रिकव्हरी पार्टिशन देतात, १० ते २० जीबीचं किंवा त्याहूनही मोठं. लॅपटॉप कारखान्यातून आला तसा करण्याची सगळी सामग्री त्यात असते. ही जागा मिळवता येते, पण आधी ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधून पेन ड्राइव्हवर रिकव्हरी बनवा. पेन ड्राइव्ह किमान १६ जीबीचा लागतो, ३२चा असला तर निश्चिंत. तो कोरा होतो, त्यामुळे वेगळाच घ्या. वॉरंटी संपेपर्यंत हे पार्टिशन तसंच राहू द्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. १५ जीबीसाठी सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या पत्करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रकार नेहमी होतो. दुकानदार लॅपटॉप सुरू करून देताना सी आणि डी असे दोन भाग पाडून देतो. मग सी ड्राइव्हवर १५० किंवा २०० जीबीच दिसतात आणि ग्राहकाला वाटतं की निम्मी डिस्क गेली. ती डी ड्राइव्हमध्ये आहे. दोन भाग एक करायचे तर:

१. डी ड्राइव्हमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फायली उघडून खात्री करा.

२. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) सुरू असेल, आणि विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा असतंच, तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. ही पायरी गाळून डेटा कायमचा गमावणारे लोक आहेत.

३. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर राइट क्लिक, ‘डिलीट व्हॉल्यूम’. काळ्या पट्टीची ‘अनॲलोकेटेड’ जागा तयार होते.

४. सी वर राइट क्लिक, ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’, मग ‘नेक्स्ट’ करत शेवटपर्यंत.

‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसत असेल तर काळी पट्टी सीच्या अगदी उजवीकडे लागून नाही. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आलेलं आहे. विंडोजचं हे साधन मधला अडथळा ओलांडू शकत नाही. अशा वेळी रिकव्हरी उडवण्यापेक्षा तिथं पुन्हा डी तयार करून त्यात फोटो आणि व्हिडिओ ठेवलेले बरे.

तिसरं खातं: सी ड्राइव्ह कोण भरतं?

‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘स्टोरेज’ इथं जा. ‘शो मोअर कॅटेगरीज’वर क्लिक करून ‘सिस्टीम अँड रिझर्व्ह्ड’ उघडा. विंडोजनं काय काय घेतलंय याची फोड इथं मिळते.

विंडोजच्या स्वतःच्या फायली साधारण २० ते ३० जीबी. ‘रिझर्व्ह्ड स्टोरेज’ साधारण ७ जीबी. अपडेट जागेअभावी अडकू नये म्हणून विंडोज १०च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नव्या मशिनवर ही जागा राखून ठेवली जाते. त्यानंतर हायबरनेशन फाइल; लॅपटॉप बंद होताना उघडं काम हिच्यात जपून ठेवलं जातं. पूर्ण हायबरनेशन सुरू असेल तर ती रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला ६.४ जीबी; फक्त फास्ट स्टार्टअपसाठी असेल तर २० टक्के. रॅम कमी पडली की वापरली जाणारी व्हर्च्युअल मेमरीची पेज फाइल काही जीबींची. शिवाय ऑफिस, चाचणीपुरतं दिलेलं अँटिव्हायरस आणि कंपनीची स्वतःची ॲप्स.

सगळं धरून ४० ते ६० जीबी. हा खर्च जवळपास ठरलेला असतो. डिस्क लहान असली म्हणून तो कमी होत नाही. म्हणूनच लहान डिस्कला तो जास्त बोचतो. २०१३ मध्ये ६४ जीबीच्या सरफेस प्रोवर वापरणाऱ्यासाठी २३ जीबीच मोकळे मिळतील असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, तेव्हा बरीच ओरड झाली होती. विंडोज ११साठी ६४ जीबी ही किमान अट आहे, पण तेवढ्याच साठ्याचा स्वस्त लॅपटॉप घेऊ नका. दोन-तीन मोठ्या अपडेटनंतर तो अपडेट घेण्याइतकाही मोकळा राहत नाही. २५६ जीबीतून हातात १८० ते १९० पडतात असं धरून खरेदी करा.

जागा कशी मोकळी करायची

आधी नको असलेली सॉफ्टवेअर्स काढा: ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, आणि यादी आकारानुसार लावा. चाचणीचं अँटिव्हायरस काढलं की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप सुरू होतं.

मग ‘स्टोरेज’मधल्या ‘टेम्पररी फाइल्स’कडे या. नवा लॅपटॉप पहिल्या आठवड्यात मोठी अपडेट्स घेतो, त्यामुळे इथं बरेच जीबी साचलेले असतात. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ आणि ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स’ बिनधास्त काढा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ दिसत असेल तर ते एकटंच दहा-वीस जीबी देतं. ते काढल्यावर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, आणि हात लावला नाही तरी विंडोज साधारण दहा दिवसांनी ते स्वतःच काढते. एक सूचना डोळ्यांत तेल घालून पाळा: याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाची चौकट असते. ती कचरा नाही, तुमचं डाउनलोड्सचं फोल्डर आहे. बँकेची स्टेटमेंट, हॉल तिकिटं, सातबाऱ्याच्या पीडीएफ सगळ्यांच्या तिथंच पडलेल्या असतात. तिची खूण काढल्याशिवाय ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबू नका.

हायबरनेशन बंद करायचा सल्ला खूप जण देतात. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवर हा शब्द, त्याला जोडून सी, एफ, जी, मग एक स्पेस, तिरपी रेघ आणि एच, पुन्हा स्पेस आणि ऑफ असं लिहिलं की ती फाइल जाते. डेस्कटॉपवर जरूर करा. लॅपटॉपवर मात्र बॅटरी संपत आल्यावर उघडं काम डिस्कवर जपून ठेवण्याची सोय यानं जाते. भारनियमन असलेल्या गावात ६ जीबीसाठी हा सौदा तोट्याचा आहे.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ करता येतं. फायली मग इंटरनेटवर राहतात आणि उघडताना उतरतात. नेट नसेल तेव्हा त्या उघडत नाहीत, हे लक्षात ठेवूनच करा.

विंडोजच्या फोल्डरमधलं ‘विनएसएक्सएस’ उघडून बघाल तर त्याचा आकार भला मोठा दिसेल. तो फुगलेला आहे. त्यातल्या अनेक फायली डिस्कवर एकदाच असतात, पण दोन ठिकाणी मोजल्या जातात. हातानं काहीही काढू नका, विंडोज मोडते.

आणि सगळी जागा भरूही नका. एसएसडीला लिहिलेला ब्लॉक पुसूनच पुन्हा वापरता येतो, आणि त्या उलथापालथीला मोकळी जागा लागते. १० ते १५ टक्के मोकळे ठेवा. स्वस्त एसएसडी भरत आली की तिचा वेगवान लिहिण्याचा राखीव भाग आकसतो आणि मोठ्या फायलींची कॉपी एकदम मंदावते.

खरा बिघाड केव्हा समजायचा

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळी पट्टी दिसत असेल तर ती जागा आहे, पण वापरात घेतलेली नाही. त्यावर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, फाइल सिस्टीम (फायली मांडण्याची पद्धत) एनटीएफएस. एसएसडीबरोबर १ टीबीची हार्ड डिस्कही घेतली असेल आणि ती एक्सप्लोररमध्ये दिसत नसेल, तर बहुतेक वेळा एवढंच राहिलेलं असतं.

४ टीबीच्या डिस्कवर २,०४८ जीबी आणि पुढे १,६७८ जीबी काळी पट्टी दिसली तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीनं मांडलेली आहे. त्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या लहान तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात; ४२९ कोटी सेक्टरच्या पुढे मोजताच येत नाही, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरला ती मर्यादा बरोबर २,०४८ जीबींवर येते. डेटा दुसरीकडे हलवा, त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन काढा, करड्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ निवडा. विंडोज असलेल्या डिस्कवर हे करू नका.

पोर्टेबल डिस्क एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये असेल तर छोट्या फायली जागा खातात. ३२ जीबींहून मोठ्या डिस्कवर तिचा सर्वांत लहान खण सहसा १२८ केबीचा असतो. १० केबीच्या एक लाख फायली म्हणजे जेमतेम १ जीबी. एनटीएफएसवर त्या सव्वा जीबीच्या आत मावतात, एक्सफॅटवर १२ जीबींहून जास्त घेतात. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ हे आकडे ताडून बघा.

मॅकवर २५६ जीबीच्या ॲपल सिलिकॉन मशिनमध्ये २४५.११ जीबी दिसतात, ५१२ मध्ये ४९४.३८. तिथं मापाचा प्रश्न नाही. डिस्कच २५१ किंवा ५००.२८ जीबीची दाखवली जाते आणि त्यातले सहाएक जीबी रिकव्हरी व सुरू होण्याच्या यंत्रणेला जातात. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिनसाठी, राखीव असते; १ टीबीला ती ४६ जीबी होते. फक्त डेटाच्या डिस्कवर ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

शेवटचा प्रकार उघड फसवणुकीचा. काहीशे रुपयांत मिळणारे २ टीबीचे पेन ड्राइव्ह आणि १६ टीबीच्या पोर्टेबल एसएसडी खोट्या असतात. त्यांच्या आतल्या कंट्रोलर चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, म्हणून विंडोजमध्ये जागा पूर्ण दिसते. खरी जागा भरली की पुढच्या फायली नुसत्या नावापुरत्या राहतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतात. विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी करा. डिस्क आधी रिकामी ठेवा आणि वेळ हाताशी ठेवा, मोठ्या डिस्कला रात्र जाते.

यादीतला आकडा आणि डिस्क मॅनेजमेंटमधला आकडा जुळत नसेल तर त्या खिडकीचा आणि टास्क मॅनेजरमधल्या मॉडेलचा फोटो काढा, बिल जोडा आणि आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीत ‘५१२ ऐवजी ४७६ दिसतात’ असं लिहू नका, ती पहिल्याच फेरीत फेटाळली जाईल. ‘बिलावर ५१२ जीबीचं अमुक मॉडेल आहे, मशिनमध्ये २५६ जीबीचं तमुक मॉडेल आहे’ असं लिहा.